यादीतला तेविसावा नंबर

१७ ऑक्टोबर २०२४

माझी यंदाची डायरी गेली, म्हणून ही नात मयूरीची शाळेची दोनशे पानी वही. छत्तीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो. गाडी कुठे किती मिनिटं उभी राहिली हे लिहिल्याशिवाय ड्यूटी संपत नसे. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी हात ऐकत नाही. तेव्हा क्रमाने लिहितो.

काल गाडी जयपूरला सकाळी ९.४० ला आली, पस्तीस मिनिटं लेट. नागपूरहून, दीक्षाभूमीवरून. दरवर्षी जातो तसेच गेलो होतो, आठ दिवसांसाठी. रिक्षाने १०.१५ ला तिलक नगर. फाटकाला दुसरंच कुलूप. आणि आमचं घर फुटपाथवर!

घर म्हणजे घरातलं सगळं. कपाटाचं एक दार निखळलेलं. फ्रिज आडवा. गाद्या नालीच्या कडेला. लताने उन्हाळ्यात केलेल्या कुरड्यांचा डबा उघडा पडला होता आणि एक गाय निवांत खात उभी होती. समोरच्या नीलिमाजींनी बिचारीने अर्ध्या सामानावर ताडपत्री टाकली होती. बुद्धमूर्ती वाळूच्या पोत्यावर पालथी. बाबासाहेबांच्या तसबिरीची काच फुटलेली, आणि वर कोणीतरी पायपुसणं ठेवलेलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. घरमालकाचा मुलगा परीक्षित वरच्या गॅलरीत उभा होता. त्याचे वडील होते तोवर आम्हाला घरच्यासारखं वागवलं त्यांनी. हा म्हणतो, "अंकल, कोर्ट का ऑर्डर है. तीन बार नोटिस गया. आप आए ही नहीं. दस तारीख को कोर्ट का अमीन आया था, उसी ने ताला तोड़ा."

नोटीस? आमच्या घरी? एक चिटोरं आलं नाही! मी रस्त्यातून ओरडलो, "साबित करके दिखाओ!" तो आत निघून गेला.

 लता माझ्या गार्डाच्या लोखंडी पेटीवर बसली आणि विखुरलेले कागद गोळा करत राहिली. तासभर.

२० ऑक्टोबर

मुक्काम प्रबुद्धकडे, मुरलीपुऱ्यात. दोन खोल्या, त्यात तो, सून सुवर्णा, मयूरी, आणि आता आम्ही दोघं म्हातारे. प्रबुद्धची विश्वकर्मा औद्योगिक भागात कारखान्यात रात्रपाळी असते. दिवसा तो झोपला की आम्ही कुजबुजत बोलतो. सुवर्णा काही म्हणत नाही. काही म्हणत नाही हेच जास्त लागतं.

सामानाची यादी करायला घेतली. काय मोडलं, काय गेलं. बावीस नंबर झाले. तेविसावा लिहिला: "दैनंदिनी एक, सन २०२४, निळं पुठ्ठ्याचं कव्हर." बाकी सगळ्या वर्षांच्या डायऱ्या पेटीत सापडल्या, नेमकी हीच नाही. ती असती तर कोर्टात फेकून दाखवली असती. कोण कधी आलं, काय घेऊन आलं, सगळं वेळेसकट आहे तिच्यात. चोराला बरोब्बर कळलं काय उचलायचं ते.

लताला विचारलं, "तुले दिसली का निळी डायरी?"

ती म्हणाली, "आता कायले शोधता? गेलं ते गेलं."

४ नोव्हेंबर

वकील केला. योगेशजी. तरुण आहे, पण कागद नीट वाचतो. त्याने भाड्याच्या कोर्टातली आमच्या केसची फाईल बघून मोबाईलवर फोटो आणले.

फाईलमध्ये एक लिफाफा आहे. माझं नाव, माझा पत्ता. पाठीमागे पोस्टमनने लाल शाईत लिहिलंय: "घरवालों ने लेने से इनकार किया. १३.६.२४." बस्स! तेवढ्यावर कोर्टाने गृहीत धरलं की नोटीस पोचली, मी मुद्दाम आलो नाही, आणि एकतर्फी निकाल.

बनावट! शंभर टक्के बनावट. परीक्षितने पोस्टमनला चहापाणी केलं असणार.

योगेशजीने विचारलं, "अंकल, पक्का? घर में किसी और ने मना किया हो?"

मी म्हटलं, माझ्या घरात मला न सांगता कोणी पाण्याचं बिलही घेत नाही. तो थोडा वेळ पेन हलवत बसला. मग म्हणतो, "एक बात कहूं? नोटिस वाली बात छोड़ो. सामान वाली पकड़ो. आप शहर में नहीं थे, ताला तोड़ा, सामान की लिस्ट तक नहीं बनाई, सड़क पर फेंक दिया. फोटो हैं, पड़ोसन गवाह है. इसका हर्जाना मिल सकता है."

हद्द झाली! मतलब मी कबूल करू की नोटीस आली होती आणि मी लपून बसलो? तिलक नगरात आजही लोक हेच म्हणतात, की मराठी अंकलला सगळं ठाऊक होतं. मला ते लेखी खोडून पाहिजे. कोर्टाच्या शिक्क्याने. पैसे नंतर.

घरी येऊन लताला सगळं सांगितलं. भाजी चिरत होती. म्हणाली, "तो वकील बरोबर बोलते. सामानाचंच धरा ना."

"तुले काय कळते त्यातलं?"

"काही नाही," म्हणाली आणि उठून मोरीवर गेली. भाजी तशीच.

१० नोव्हेंबर

प्रबुद्धला सुट्टी. जेवताना त्याला फुलेरा जंक्शनचा किस्सा सांगितला, १९९८ चा. साहेबाने माझ्यावर चार्जशीट काढली होती. आणि रेल्वेतला साधा हिशेब: कागद हातात पडून सही झाली की माणूस फसला, सही नाही तर काही नाही. युनियनमध्ये मी पोरांना हेच शिकवायचो. अकरा दिवस मी चार्जशीट घेऊन येणाऱ्या शिपायाला सापडलो नाही. तो रनिंग रूमच्या, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीच्या, पुढच्या दाराने आला की मी मागच्या दाराने यार्डात. क्वार्टरवर रजिस्टर आलं तर लता दारातूनच सांगायची, हे घरी नाहीत. पोस्टमन वैतागला होता. बाराव्या दिवशी साहेबाचीच बदली झाली!

मयूरी खूप हसली. "आजी, मतलब तू झूठ बोलली?"

लता म्हणाली, "जेव तू."

तेव्हापासून आमच्या घरात तो नियमच झाला. सहीचा कागद असेल तर आधी मी बघणार, मगच काय ते.

८ डिसेंबर, रविवार

विहारात वंदना. जयपुरात आपली मोजकी घरं. बहुतेक रेल्वेची, दोन-तीन मिलिटरीची. लता माझ्या शेजारीच बसली होती. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं म्हणाली. चौथं आलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं, तिथे तिचा आवाज बंद. पाचव्याला परत सुरू.

बाहेर आल्यावर म्हटलं, घसा बसला का? हो म्हणाली. थंडीच तशी पडली आहे. मेडिकलमधून गोळ्या आणल्या.

पांढरी साडीही नेसली नव्हती, निळ्या साडीवर आली. बायका विचारत होत्या. ऑक्टोबरमध्ये नागपूरला नेसली होती, त्यानंतर पांढरी साडी तिच्या बॅगेतून काढलेलीच नाही.

१६ जानेवारी २०२५

दावा दाखल. नुकसानभरपाई पाच लाख. मुद्दा पहिला: नोटीस न देता बेकायदा बेदखली. मुद्दा दुसरा: सामान. योगेशजीने क्रम उलटा केला होता, मी भांडून परत सरळ करून घेतला.

यादीतून त्याने कुरड्या कापल्या. "अंकल, जज साहब हंसेंगे." मी म्हटलं हसू देत, बाईने चार दिवस उन्हात राबून केल्या होत्या. तरी कापल्याच. त्यांच्या जागी तसबीर घातली, नंबर होते तेच राहिले. तेविसावा नंबर मात्र मी कापू दिला नाही. किमतीच्या रकान्यात "अमूल्य" लिहायला लावलं.

११ मार्च

तारीख. परीक्षितचा वकील आला नाही. पुढची तारीख.

२४ एप्रिल

तारीख. जजसाहेब रजेवर. बसला दीड तास जायला, दीड तास यायला.

१९ मे

आज घरात तमाशा झाला. माझ्यामुळेच, कबूल करतो. सुवर्णाची आई यायची आहे, ती कुठे झोपेल असं सून प्रबुद्धला हळूच विचारत होती. माझ्या कानावर गेलं. म्हटलं, आम्ही स्टेशनवर झोपतो, वेटिंग रूमची सवय आहे आम्हाला. पोरगी रडायला लागली. प्रबुद्ध चिडला. त्याचं मराठी चिडल्यावर पूर्णच हिंदी होतं. "बाबा, हर बात में केस, केस! आई की भी तो सुना करो कभी. ती कितने महिन्यांपासून काही बोलायचा प्रयत्न करते आहे."

मी लताकडे बघितलं. "बोल, काय बोलायचं?"

सगळ्यांसमोर ती काय बोलणार! म्हणाली, "मी म्हणते, केस मागे घ्या."

हे बोलायचं होतं? सात महिने विचार करून हे? फुटपाथवर मूर्ती पालथी पडलेली हिने बघितली नाही का? मी पायात चपला घालून निघालो आणि सीकर रोडच्या पुलापर्यंत चालत जाऊन आलो.

२६ सप्टेंबर

दोन तारखेला धम्मचक्र दिन. नागपूरची तिकिटं काढतो म्हटलं. लता म्हणते, "तुम्ही जाऊन या. माझं मन नाही." लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, एक दसरा चुकला नाही तिचा. बाळंतीण असतानाही प्रबुद्धला कुशीत घेऊन गेली होती.

मला वाटतं, मागच्या वर्षी आपण तिकडे असताना हे झालं, म्हणून मनात भीती बसली असावी. मीही गेलो नाही. एकट्याने कसं जायचं?

१८ नोव्हेंबर

साक्षीचे दिवस जवळ आले. माझं शपथपत्र झालं, लताचंही योगेशजीने टाईप करून दिलं. हिंदीत, तीन पानं. कलम पाचमध्ये आहे: मी बहुतेक वेळ घरीच असते, सदर कालावधीत कोणीही पोस्टमन वा कोर्टाचा माणूस आला नाही, मी कोणताही कागद नाकारला नाही. ही साक्ष म्हणजे आमच्या केसचं इंजिन आहे. मी बाहेर असू शकतो, पण ती घरात होती ना!

नोटरीसमोर तिने पेन हातात धरून ठेवलं. "मले वाचून दाखवा."

मागे रांग लागलेली. नोटरी घड्याळ बघतोय. मी म्हटलं, "वाचायचं काय त्यात, आपलंच तर आहे. कर सही."

"पण वाचा ना एकदा."

"लता! लोक खोळंबले."

केली सही. सही कसली, नाव ओळखू येईना.

२२ जानेवारी २०२६

माझी उलटतपासणी आधीच्या तारखेला झाली. मी एका इंचाने हललो नव्हतो. नीलिमाजींची साक्षही चांगली गेली. आज लताची.

१२.२० ला नाव पुकारलं. ती उभी राहिली, कठड्याला धरून. परीक्षितच्या बाजूने एक वकीलबाई होती, शांत आवाजाची. शपथपत्र पुढे केलं. "ये दस्तखत आपके हैं?"

"जी."

"पैरा पांच में लिखा है कि कोई डाकिया नहीं आया. ये सही है?"

लता काही बोलेना. जजसाहेबांनी मान वर केली.  मी मनात म्हणत होतो, जी म्हण, एक अक्षर आहे, जी म्हण.

ती म्हणाली, "नहीं. गलत लिखा है. डाकिया आया था."

मला वाटलं माझ्या कानात काहीतरी झालं.

"फिर?"

"मैंने नहीं लिया. वापस भेज दिया."

"किसके कहने पर?"

तिने माझ्याकडे बघितलं. सबंध वर्षात असं सरळ बघितलं नव्हतं तिने. मग वकीलबाईकडे वळून म्हणाली, "हमारे घर में ऐसा ही चलता है."

वकीलबाई थँक्यू म्हणाली आणि बसली. एवढंच. सव्वा वर्ष, आणि चार मिनिटांत संपलं.

बाहेर योगेशजीने फाईल काखेत मारली. म्हणाला, "अंकल, मैंने पहले दिन पूछा था." आता सामानाच्या मुद्द्यावरही कोर्ट आमच्यावर विश्वास ठेवेल का सांगता येत नाही, खोटं शपथपत्र दिल्याची वेगळी केस लागू नये म्हणून आधी धावपळ करावी लागेल, असंही म्हणाला. पायऱ्यांवर परीक्षित भेटला. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने मान खाली घातली आणि बाजूने गेला.

२३ जानेवारी

लताशी बोलत नाही. जेवण तिने वाढलं, मी पान सरकवलं. सुवर्णाने वाढलं, तर जेवलो.

एकच गोष्ट बोललो काल बसमध्ये. "तू मले सांगतलं काहून नाही?" तिने खिडकीबाहेर बघितलं. 

चव्वेचाळीस वर्षांच्या बायकोने भर कोर्टात माझ्या तोंडाला काळं फासलं. घ्यायचं नव्हतं तर नव्हतं, पण मला संध्याकाळी एक शब्द सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो असतो, तारखेला हजर झालो असतो. घर वाचलं असतं. सगळं हिच्या गप्प बसण्यामुळे. सगळं!

३१ जानेवारी

अजून अबोला. मयूरी दोघांच्या मधे निरोप नेते. "आजी पूछ रही है चाय?" मी म्हणतो, नको.

प्रबुद्ध म्हणाला, "बाबा, आईने सच बोललं. मतलब, यात तिची गलती काय?" मी म्हटलं, खरं बोलायला सव्वा वर्ष लागतं का? 

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी विहारात गेलो. लता पांढऱ्या साडीत आली. घडीच्या रेघा पडलेल्या, एका बाजूला पिवळट डाग. चौथं शील तिने मोठ्याने म्हटलं. इतकं मोठ्याने की पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून बघितलं.

दुपारी घरी कोणी नव्हतं. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि मांडीवर एक वही ठेवली. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, पाण्याने फुगलेलं. सन २०२४.

"त्या दिवशी फुटपाथवर मलेच भेटली होती. ह्याच पांढऱ्या साडीत गुंडाळून ठेवली होती. तेरा जून काढा."

काढलं. माझं अक्षर. शाई पसरली आहे, तरी वाचता येतं. जसंच्या तसं उतरवतो:

"१३ जून. गरमी ४४. दु. १२.१० ला पोस्टमन, रजिस्टर घेऊन. मी कूलरसमोर आडवा होतो. लताने दारातून विचारलं, कोर्टाचा शिक्का दिसते, घेऊ का? म्हटलं, शिक्का असो की आणखी काही, घेऊ नको, घरी नाहीत सांग. तिने परत पाठवलं. पक्की गार्डाची बायको आहे. शाब्बास. संध्याकाळी आमरस."

तीनदा वाचलं. आठवतं का म्हणून स्वतःला विचारलं. आमरस आठवतो.

 मग म्हटलं, "हे त्या दिवशी कोर्टात काहून नाही सांगतलं? त्या बाईनं विचारलं होतं, किसके कहने पर."

लता म्हणाली, "माझं होतं तेवढं मी सांगतलं. हे तुमचं होतं."

"मग एवढे दिवस मी तुले... तू एक शब्द नाही बोलली."

"पहिल्या दिवशीच बोलणार होती. तुम्ही त्या फुटपाथवर असे ओरडत होते, साबित करके दिखाओ म्हणून. मग भीतीच वाटली मले. मग रोज वाटे, आज तुमचं तुम्हालेच आठवेल." तिने साडीचा पदर झटकला. "चहा ठेवू का?"

हो म्हटलं.

उद्या योगेशजीकडे जातो. सगळं सांगायचं आहे, शपथपत्राचंही, माझं आणि तिचं. आणि यादीतला तेविसावा नंबर कापायला लावतो. ती वस्तू हरवलेली नव्हती.